बोटभर फट

मिस्त्रींबद्दल लिहायला बसलं की माझं डोकं आधी तापतं आणि मग हात चालतो. त्यामुळे हे शांतपणे लिहून होईल अशी आशा कोणी ठेवू नये.

मी रेकॉर्डिस्ट आहे. काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसायचं आणि पलीकडच्या माणसाचा आवाज नीट पकडायचा, हे मी बावीस वर्षं करते आहे. आमच्या स्टुडिओत गाणीबिणी होत नाहीत. ज्या मुलांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेची पुस्तकं वाचून घ्यायची, एवढंच आमचं काम. त्यात ऐकणाऱ्या मुलाला आवाजाशिवाय दुसरा आधार नसतो, म्हणून मला खोलीत दुसरं काही ऐकू आलेलं चालत नाही. पंखाही नाही आणि खुर्चीची कुरकुरही नाही.

मिस्त्री धंद्याने सुतार. पण सुतार म्हणून त्यांना कोणी बोलवत नसे, 'दारवाले मिस्त्री' म्हणूनच बोलवत. तीस वर्षं त्यांनी फक्त स्टुडिओची दारं केली. ही दारं घरच्या दारासारखी नसतात. उचलायला दोघं लागतात, फळ्यांच्या मधे रबराचा जड थर असतो, चारी कडांना रबराच्या दोन-दोन पट्ट्या असतात. लावलं की कानांवर किंचित दाब येतो, मग ते नीट बसलं म्हणायचं. मिस्त्रींचा एवढ्यावर विश्वास नसे. ते चौकटीत वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढून बघायचे. फाटली तर ठीक. सुळकन बाहेर आली तर दार परत खाली. एके ठिकाणी त्यांनी एकच दार सहा वेळा उतरवलं. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "मिस्त्री, आता पुरे करा, किती कटकट."

"मी एकदाच करतोय," मिस्त्री म्हणाले. "नाही केली तर तुम्ही रोज ऐकाल."

असं बोलणं त्यांच्या तोंडून वर्षातून दोन-तीनदाच निघायचं. बाकी वेळ खाली मान घालून काम. हाच त्यांचा गुण आणि हाच त्यांचा दोष, आणि दोषाचा भाग जास्त, असं माझं ठाम मत आहे.

त्यांच्या धंद्यात एक मोठा अन्याय होता. खोली दुसऱ्याच कोणी साहेबाने कागदावर काढलेली असायची, भिंती तिसऱ्याने बांधलेल्या, वायरी चौथ्याने ओढलेल्या. या सगळ्यांच्या चुका पोटात घेऊन खोली तयार व्हायची आणि आत रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला की सगळे वळून दाराकडे बघायचे. उघडतं मिटतं ते एकटं दारच ना. भिंत काही आपण होऊन हलत नाही, म्हणून तिच्यावर संशय कोण घेणार. तीस वर्षं सगळ्यांचं खापर मिस्त्रींच्या दारावर फुटलं आणि तीस वर्षं मिस्त्रींनी आधी दार तपासलं आणि मग न बोलता दुसऱ्याची चूक शोधून दिली. कुठे भिंतीत गेलेला एक लांब स्क्रू, कुठे छतातून आलेला हवेचा पाइप. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता हा माणूस अख्खी खोली शिकून बसला होता. त्यांच्याकडे चौकोनी रेघांची एक वही होती. तिच्यात त्यांनी काढलेल्या खोल्या होत्या, मापांसकट. एकही कधी बांधली गेली नव्हती.

म्हणून आमच्या मालकाने नव्या स्टुडिओसाठी एका इमारतीचा पहिला मजला घेतला तेव्हा मी मिस्त्रींचं नाव सुचवलं. पहिला मजला स्वस्तात का मिळाला हे मालकाला नंतर कळलं. खाली बाइंडिंगचा कारखाना आहे आणि त्यात गठ्ठ्याने कागद कापायचं मशीन आहे. मिनिटा-दोन मिनिटांनी त्याचं पातं खाली येतं. धप्प. आवाज तसा मोठा नाही, पण तो कानांत यायच्या आधी तळपायात येतो.

मालकाने यावर स्वतःच उपाय काढला होता. फोनवर कुठले कुठले व्हिडिओ बघून तो एके सकाळी टेम्पोभर अंड्यांचे ट्रे घेऊन आला.

"हे चारी भिंतींना चिकटवा," तो मिस्त्रींना म्हणाला. "सगळे हेच लावतात."

"याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, साहेब. बाहेरचा आवाज अडत नाही," मिस्त्री म्हणाले. "तो अडवायला वजन लागतं, आणि मधे मोकळी जागा लागते."

"पण सगळे लावतात."

"सगळ्यांच्या पायाखाली कटिंग मशीन नसतं."

ते ट्रे पुढे चार महिने जिन्यात पडून होते आणि येणारा जाणारा प्रत्येक जण आम्हाला अंडी विकता का म्हणून विचारत होता. पण मालकाने अखेर ऐकलं आणि बोलणं ठरलं. आधी लहान खोली, एका माणसाने बसून वाचण्याएवढी. ती मिस्त्रींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची, त्यांच्याच नकाशाने. ती नीट झाली तर शेजारची मोठी खोलीही त्यांचीच. मोठ्या खोलीत आठ-दहा जण बसून नाट्यवाचन करू शकतील, एखादं वाद्य वाजेल, अशी ती व्हायची होती. वहीतली सगळ्यात जास्त वेळा खोडून काढलेली खोली तीच होती हे मला माहीत होतं. त्या दिवशी जिना उतरताना मिस्त्री मला म्हणाले, "ताई, ती मोठी झाली ना, की मग मी दारं करत मेलो तरी चालेल." मी म्हटलं, मरायचं काय काढलंत, आधी लहान तर करा.

लहान खोली म्हणजे डब्यात डबा ठेवावा तसं काम. बाहेरच्या खोलीच्या आत दुसरी खोली उभी करायची आणि आतलीने बाहेरचीला कुठेही शिवायचं नाही. आतली जमीन रबराच्या ठोकळ्यांवर तरंगती ओतायची, वर फरशी, आणि चारी बाजूंना भिंतीपासून बोटभर फट ठेवायची. फटीत फोमची मऊ पट्टी आणि वरून रबरासारखा मऊच राहणारा मसाला. बस. एका जागी जरी कडक काही अडकलं तरी खालचा धप्प तिथून वर चढतो, आणि मग बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

फरशीच्या कामाला मिस्त्रींनी आपल्या धाकट्या भावाला आणलं. धाकट्याचा हात सोन्यासारखा आणि तोंड अगदी त्याच्या उलट. तीन कंत्राटदारांशी भांडून तो आठ महिने घरी बसला होता. त्याच्या दोन मुली, बायको, आणि त्याला कोणी उभं करेना. मिस्त्रींनी मालकाकडे शब्द टाकला आणि त्याला उभं केलं. आणि खरं सांगायचं तर फरशी त्याने अशी बसवली की गोटी ठेवली तर हलायची नाही. दोन फरशांमधली रेघ केसाएवढी, सगळीकडे सारखी. फट दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. हा त्याचा स्वभाव मिस्त्रींना जन्मापासून माहीत, म्हणून तर बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस सुट्टीवर जाताना त्यांनी त्याला बजावलं.

"काठाची फट आहे तशीच ठेव. पट्टी घाल फक्त. वरचा मसाला मी आल्यावर भरतो. तू त्यात काही घालू नकोस."

"बरं दादा," धाकटा म्हणाला.

मी हातात चहा घेऊन तिथेच उभी होते. माझ्या या दोन कानांनी ऐकलं. हे पुन्हा सांगायची वेळ येणार आहे म्हणून इथे सांगून ठेवते.

मिस्त्री परत आले तेव्हा फरशी चकचकीत, काठाने, भिंतीच्या पायाशी, फट झाकणारी स्कर्टिंगची पट्टी बसवून झालेली. "मसाला?" त्यांनी विचारलं. "भरला," धाकटा म्हणाला. मिस्त्रींना वाटलं, डबा कोपऱ्यातच होता, त्याने तोच भरला असेल. वेळ वाचला म्हणून ते खूशही झाले. मग त्यांनी आपलं दार बसवलं, कागदाच्या पट्ट्या फाडल्या, आणि मी माइक लावला.

आमच्याकडे वाचायला येणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सातवीचं विज्ञान उघडून त्यांनी पहिला परिच्छेद वाचला आणि दुसऱ्या ओळीत, धप्प. त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात. धप्प. त्यांनी चष्म्यावरून काचेकडे असं पाहिलं, जणू मागच्या बाकावर बसून मीच बाक वाजवते आहे. त्या दिवशी दीड पान झालं. एका धड्याला आम्हाला आठवडा लागला.

पुढचे तीन आठवडे म्हणजे नुसता संताप. मालक रोज येऊन म्हणणार, "दार बदला." त्याला कोणीतरी परदेशी लोखंडी दाराचं चित्र पाठवलं होतं. मिस्त्रींनी दार उतरवलं, पट्ट्या बदलल्या, चढवलं. धप्प. पुन्हा उतरवलं, बिजागऱ्या बदलल्या, चढवलं. धप्प. आत दिवा लावून, बाहेर अंधार करून कडेने कुठे उजेडाची रेघ दिसते का पाहिलं. नाही दिसली. मालक म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. हाताखालचे लोकही हसले. तेही ऐकून घेतलं. मला वाटे, अहो, एकदा तरी ओरडा ना. दगडाला पाझर फुटेल पण या माणसाला राग फुटायचा नाही.

आणि माझं तरी काय. तिसऱ्या आठवड्यात, वाट पाहून, बाईंची समजूत काढून नाकी नऊ आल्यावर, मी पण दारापाशी कान लावून उभी राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, मला वाटतं दारच असणार." बावीस वर्षं आवाज ऐकण्याचा धंदा करणारी मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही पण, ताई." मला त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर मिस्त्री आतल्या खोलीत जमिनीवर पालथे पडलेले. हातात लांब स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक फरशीवर आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतो तसे ते वीत-वीत सरकत होते. खालून धप्प झालं की थांबायचे आणि पुढे सरकायचे. काचेकडच्या भिंतीपाशी ते बराच वेळ थांबले. मग पटाशी घेऊन त्यांनी स्कर्टिंगचा हातभर तुकडा अलगद उचकटला.

खाली फट नव्हती. फोमची पट्टी काढून तिथे सिमेंट भरलं होतं, गच्च, आणि वरून पांढऱ्या सिमेंटची रेघ ओढलेली. सरळ, केसाचाही फरक नाही. कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी इतकं सुबक काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "याला हे मी शिकवलंय," ते म्हणाले.

त्यांनी धाकट्याला हाक मारली. तो आला, उघडलेली जागा पाहिली आणि त्याला काही कळलंच नाही. "काय झालं? सुटलं का?"

"हे का भरलंस?"

"मालक बघून गेले होते. म्हणाले, एवढ्या फटी? मुंग्या येतील. मला कसंतरी झालं. म्हटलं, दादाच्या कामाला कोणी नाव ठेवायला नको." आणि मग हळूच, "चारी बाजूंनी भरलं. पक्कं."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हे मला मान्य करावंच लागतं. भावाची अब्रू वाचवायला गेला होता तो. पण "काही घालू नकोस" याचा दुसरा कोणता अर्थ होतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

एवढ्यात मालक आला. खाली वाकून बघितलं, फोनवर दोन फोटो काढले आणि विचारलं, "म्हणजे दार नव्हतं तर. ही फट कोणी बुजवली?"

धाकट्याचा चेहरा आता पांढरा पडला होता. त्याला उशिरा का होईना, कळलं होतं. माझं तोंड उघडलंच होतं, की मिस्त्री म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला."



"तुम्ही?" मालक म्हणाला. "अहो, तुम्हीच तर महिनाभर आमचं डोकं खाल्लंत, शिवायला नको, शिवायला नको म्हणून."

"माझा अंदाज चुकला. वाटलं, थोडं भरलं तर चालेल."

थोडं भरलं तर चालेल. हे वाक्य मिस्त्रींच्या तोंडात. मी धाकट्याकडे पाहिलं, आता बोलेल, आता बोलेल म्हणून. तो फरशीकडे बघत उभा राहिला.

मालक गेल्यावर मी मिस्त्रींना जिन्यात गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "हे काय केलंत? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात तुम्ही."

"त्याला आता हाकललं असतं, ताई. चौथ्यांदा. मग त्याला कोणीच घेणार नाही," ते म्हणाले. "लहानपणीच मी त्याला कामाला लावलं, त्याची शाळा माझ्यामुळे सुटली. सगळं डोकं त्याने त्या रेघांमधे घातलं. माझं काय, तीस वर्षांचं नाव आहे. एवढ्याने जात नाही."

"जातं," मी म्हणाले.

"बघू."

दोघा भावांनी दोन दिवस खपून, गुडघ्यांवर बसून, चारी बाजूंचं सिमेंट कापून काढलं. पट्टी घातली, मऊ मसाला भरला. तिसऱ्या दिवशी बाई आत बसल्या आणि त्यांनी सातवीचा अख्खा धडा एका दमात वाचला. खाली मशीन चालूच होतं. मी हेडफोनमधे बाईंनी पान उलटल्याचा आवाज ऐकला, त्यांनी घोट घेतल्याचा ऐकला, बाकी काही नाही. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आज तुझं लक्ष होतं." मी हसले आणि मग बाथरूममधे जाऊन रडले. इतकी चांगली खोली मी कधी पाहिली नव्हती, आणि ती ज्याने केली त्याला घरी पाठवायचं मालकाने ठरवलं होतं.

मी मालकाकडे गेले, हे नोंदवून ठेवते. सरळ सांगितलं, मिस्त्रींनी बजावलेलं मी ऐकलं आहे, ते खोटं बोलत आहेत.

"खोटं बोलून कोणी स्वतःचं नुकसान करून घेतं का?" मालक म्हणाला. "ते स्वतः कबूल झाले. तुमची त्यांच्यावर माया आहे, मला समजतं. पण मोठ्या खोलीत मला अंदाज चुकणारा माणूस नको."

"लहान खोली बघा ना आता. ऐका तरी."

"ती नीट झाली ते फट उकरल्यावर. उकरावी का लागली? त्यांनीच चूक केली म्हणून." पालथ्या घड्यावर पाणी. मी हात टेकले. मी पुन्हा मिस्त्रींकडे गेले की एकदा, एकदाच खरं सांगा. ते दाराला तेलपाणी करत होते. म्हणाले, "आता बोललो तर तो खोटा ठरेल आणि मी भावावर ढकलणारा. राहू द्या."

मोठी खोली बाहेरच्या एका कंपनीला गेली. कानामागून आली आणि तिखट झाली. त्यांचा इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो, टॅबवर बोट फिरवतो, जातो. लहान खोलीची फरशी पाहून त्याने विचारलं, हा हात कोणाचा? मालकाने धाकट्याचं नाव सांगितलं. सांगितलं तसं केलं बिचाऱ्याने, त्यात त्याचा काय दोष, असंही वर म्हणाला. मोठ्या खोलीच्या फरशीचं काम धाकट्याला मिळालं.

आणि नाव जातं का नाही, ते महिन्याभरात दिसलं. या धंद्यातली माणसं मोजकी, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं दांडगं. ठरलेली दोन दारं दुसऱ्याकडे गेली. एका ओळखीच्या रेकॉर्डिस्टने मला फोनवर हसत विचारलं, "तो तुमचा सिमेंट भरणारा मिस्त्री का?" मी फोन आपटला. मिस्त्री आता घरांच्या कपाटांची दारं करतात. मी एकदा भेटायला गेले तेव्हा पाटावर पातळ प्लायवूड घेऊन बसले होते. वहिनींनी चहा दिला, डोळ्यांना आता स्वच्छ दिसतं म्हणाल्या. मोठ्या खोलीबद्दल कोणी काही काढलं नाही. मला काढायचं होतं, पण कपाटाच्या दाराला ते कागदाची पट्टी लावत नव्हते हे पाहून मी चहा संपवून उठले.

परवा दुपारी धाकटा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मोठ्या खोलीत जमीन ओतून झाली होती आणि तो काठापर्यंत फरशी घेऊन आला होता. इंजिनिअर चार दिवस येणार नव्हता.

"ताई, काठाला किती सोडायचं, काही बोलले होते का इंजिनिअरसाहेब?"

मी हेडफोन काढला. माझ्या अंगात काय काय आलं ते सांगण्यासारखं नाही. "मला काय विचारतोस?" मी म्हणाले. "घरी तुझा दादा आहे. या गावात त्याच्याइतकं हे कोणाला कळतं? त्याला विचार."

"विचारलं काल."

"मग?"

तो फरशीच्या धुळीने माखलेले हात पँटला पुसत राहिला. "म्हणाला, माझं नाव घेऊन तिथे काही करू नकोस. मी सांगितलं असं कळलं तर तुझं काम जाईल."

मी त्याला माप सांगितलं. त्याने ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं आणि तो परत कामाला गेला.